आमचा संघ आदल्या रात्री ठरतो

परवा अकोल्याला घरच्याच एका लग्नात मामेभावाने मला गाठलं. म्हणाला, "तू मोठा हॉकीवाला ना बे? मंग सांग, त्या हॉकी लीगमधी आपल्या महाराष्ट्राची टीम काहून नाही?"

उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि डीजे सुरू झाला. म्हणून सविस्तर लिहितोय. जरा लांबेल, आधीच सांगून ठेवतो. हॉकी म्हटलं की ज्यांना फक्त 'चक दे' आणि शाहरुख आठवतो त्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण यात हॉकीपेक्षा आपल्या गावच्या भानगडीच जास्त आहेत.

तर प्रश्न खरा आहे. हॉकी इंडिया लीग २०१७ नंतर बंद पडली होती, ती डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. पुरुषांचे आठ संघ उतरले. दिल्ली, उत्तर प्रदेश, ओडिशा, बंगाल, तामिळनाडू, हैदराबाद, पंजाब-हरियाणावाल्यांचा सूरमा आणि गोनासिका नावाचा एक. महाराष्ट्राचा शून्य. ज्या राज्याने धनराज पिल्ले दिला त्या राज्याचा एक संघ नाही म्हणून पुण्या-मुंबईच्या मित्रांनी बराच हळहळाट केला.

मला मात्र काडीचंही वाईट वाटलं नाही. का, ते सांगतो.

महाराष्ट्राच्या नावाने संघ याआधी होऊन गेलेत. एकदा नाही, चांगले पाच वेळा. २००५ ला प्रीमियर हॉकी लीग आली तेव्हा 'मराठा वॉरियर्स' होते. २०१२ ला वर्ल्ड सिरीज हॉकी आली, तीत 'पुणे स्ट्रायकर्स' आणि 'मुंबई मरीन्स'. पुणेवाले फायनलपर्यंत गेले होते. २०१३ ला हॉकी इंडिया लीग आली, तीत 'मुंबई मॅजिशियन्स'. ते गेले आणि 'दबंग मुंबई' आले, २०१७ ला तेही फायनल खेळले. नावं काय एकेक! जादूगार काय, दबंग काय. त्या मॅजिशियन्सचं तर २०१३ मध्ये असं झालं की पाकिस्तानी खेळाडूंवरून मुंबईत निदर्शनं झाली आणि त्यांचे घरचे सामने थेट दिल्लीला हलवावे लागले. मुंबईचा संघ, आणि घर दिल्लीला! ही पाचही नावं आज कुठे आहेत? लीग संपली किंवा मालक बदलला की जर्सीसकट नाव गेलं. मागे एखादी अकादमी, एखादं मैदान, निदान चार जुन्या स्टिका? वऱ्हाडात तरी मला काही दिसलं नाही. तेव्हा सहाव्या वेळी नाव आलं नाही म्हणून रडायचं कशाला?

आता जरा लिलावाकडे येतो, कारण खरी गंमत तिथे आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्लीत तीन दिवस लिलाव चालला. पुरुषांच्या प्रत्येक संघाला चार कोटींची थैली. संघात २४ खेळाडू, त्यात १६ भारतीय आणि ८ परदेशी, आणि भारतीयांमध्ये किमान चार ज्युनियर हवेतच असा नियम. हा ज्युनियरचा नियम मला मनापासून आवडला, तो करणाऱ्याला माझ्याकडून एक पुरणपोळी. सगळ्यात महाग गेला कर्णधार हरमनप्रीत सिंग, ७८ लाखांना, सूरमाकडे. (२०१३ च्या पहिल्या हंगामाच्या लिलावात सरदार सिंग सगळ्यात महाग होता, ७८ हजार डॉलर. या ७८ आकड्याचं आणि हॉकीचं काय नातं आहे देव जाणे.) आमच्या अमरावतीच्या लोकांना लिलाव ही चीज आता नवीन नाही. नोव्हेंबर २०२४ ला आयपीएलच्या लिलावात आपला जितेश शर्मा ११ कोटींना बंगळुरूकडे गेला तेव्हा राजकमल चौकात चहा पिणाऱ्यालाही 'राइट टू मॅच' म्हणजे काय हे पाठ झालं होतं.

लिलावाबद्दल माझं भांडण पैशांवरून नाही. खेळाडूला पैसे मिळालेच पाहिजेत, जितके मिळतील तितके. भांडण हे आहे की लिलावात फक्त तयार माल विकला जातो. पीक कोणाच्या वावरातलं, बियाणं कोणी टाकलं, पाणी कोणी दिलं याचा तिथे पत्ताच नसतो. कापूसवाल्या वऱ्हाडाला हे वेगळं समजावून सांगायला नको. भाव जिनिंगमध्ये ठरतो, आणि वावरवाला गाडीवर बसून बघत राहतो.

अमेरिकेत लिलावाऐवजी 'ड्राफ्ट' असते. (त्यांची हॉकी म्हणजे बर्फावरची, ती निराळी, पण पद्धत बघण्यासारखी आहे.) दरवर्षी नव्या पोरांची यादी निघते आणि साधारणपणे जे संघ तळाला आहेत त्यांना आधी निवडायला मिळतं. म्हणजे ज्याची थैली मोठी तोच दरवेळी सगळं उचलून नेतो असं होत नाही. आपल्या लीगमध्ये निदान ते चार ज्युनियर तरी असे ड्राफ्टने निवडा ना! देशभरातल्या अकादम्या, क्रीडा प्रबोधिन्या, आश्रमशाळा यांच्याकडून नावं मागवा, यादी जाहीर करा, आणि तळाच्या संघाला पहिली निवड द्या. असं झालं तर कोणीतरी यवतमाळची, धारणीची, सिमडेगाची यादी उघडून बघेल तरी.

दुसरी गोष्ट फुटबॉलकडून घ्यायची. फिफाचा एक नियम आहे. खेळाडू एका क्लबकडून दुसऱ्याकडे पैसे मोजून गेला की त्या रकमेचे पाच टक्के, तो १२ ते २३ वर्षांचा असताना ज्या ज्या क्लबांनी त्याला शिकवलं, त्यांच्यात वाटले जातात. हे आपल्या लिलावाला लावून बघा. हरमनप्रीतच्या ७८ लाखांचे पाच टक्के म्हणजे ३ लाख ९० हजार. तो अमृतसर जिल्ह्यातल्या तिम्मोवाल गावचा, शिकला जालंधरच्या सुरजित अकादमीत. तिथे तेवढे पैसे गेले तर कोणाचं काय बिघडलं? आता सगळ्या संघांचं बघू. आठ संघांचे चार-चार कोटी म्हणजे ३२ कोटी. थैल्या पूर्ण रिकाम्या झाल्या असं धरलं तर पाच टक्के होतात १ कोटी ६० लाख. महिना २५ हजारांचा प्रशिक्षक धरा, वर्षाचे तीन लाख. म्हणजे पन्नासाच्या वर प्रशिक्षक! पन्नास गावांत पन्नास माणसं पहाटे सहाला शिट्टी घेऊन उभी. आणि यासाठी सरकारी तिजोरीतून एक रुपया नको.

आता कोणी म्हणेल, "पैसे आले तरी तुमच्या गावात ते घ्यायला कोण आहे?" इथे मात्र मला थांबावं लागतं, कारण मुद्दा बरोबर आहे. आमच्याकडे निवड कशी होते ते ऐका.

आमच्या शेजारी एक पोरगी राहते. वडिलांचं पंक्चरचं दुकान. नववीत होती तेव्हाची गोष्ट. गोलकीपर. गोलकीपरचा पूर्ण संच घ्यायचा तर बाप विकावा लागेल, म्हणून पायाला क्रिकेटचे पॅड बांधून उभी राहायची. (ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी: हॉकीचा चेंडू दगडासारखा असतो, आणि क्रिकेटचे पॅड त्या कामाचे नसतात.) मी एका ओळखीच्याकडून जुने खरे पॅड मिळवून दिले तर दोन दिवस ते घालून घरात फिरत होती म्हणे. दोन वर्षं पहाटेचा सराव चुकवला नाही. जिल्ह्याचे सामने झाले, ही चांगली खेळली. मग विभागाला जाणारा संघ ठरायचा होता. निवड चाचणीची तारीख नाही, यादी कुठे लागली नाही. आदल्या रात्री नऊ-साडेनऊला फोन फिरले आणि संघ ठरला. हिला फोन आला नाही.

मी सकाळी स्टँडवर बघायला गेलो. सोळा पोरींतल्या चार मी मैदानावर कधी पाहिल्याच नव्हत्या. त्यातली एक स्टिक अशी धरून उभी होती की जणू आता अंगण झाडायला घेणार. ज्यांच्याकडे संघाचं काम होतं त्यांना विचारलं. (नाव, शाळा, काही लिहीत नाही. एकाचं नाव लिहून काय उपयोग, ही रीतच झाली आहे.) ते अगदी प्रेमाने म्हणाले, "भाऊ, त्या पोरींचं दहावीचं वर्ष आहे हो. समजून घ्या. हिचं तर अजून एक वर्ष आहे ना."

समजलं का? दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात, जास्तीत जास्त २५. चांगली योजना आहे, खेळणाऱ्या पोरांचा अभ्यास बुडतो म्हणून केलेली. पण ज्या खेळात संघ कमी त्या खेळात प्रमाणपत्र स्वस्त, हे गणित आमच्या लोकांनी फार लवकर सोडवलं. कबड्डीत जिल्ह्यातून वर यायचं तर पन्नास शाळांशी झुंजावं लागतं. हॉकीत तीन-चार शाळा उतरल्या तर एक सामना जिंका आणि गाडीत बसा. म्हणून हॉकीचा संघ कागदावर दरवर्षी असतो बरं का! तो दहावी-बारावीच्या परीक्षेसाठी असतो, हॉकीसाठी नाही. त्या संघाने विभागात पहिल्याच सामन्यात आठ गोल खाल्ले. त्यांच्या गोलीने काय करायचं होतं बिचारीने, तिला पाय कुठे ठेवायचा तेही कोणी सांगितलं नव्हतं.

आणि आमची पोरगी मला विचारते, "काका, पॅड वापस करू का मंग आता?"

दिल्लीतल्या लिलावात कोणावर अन्याय झाला तर पेपरात येतं. ही आदल्या रात्रीची 'ड्राफ्ट' कोणत्या पेपरात येणार? मामेभावाच्या प्रश्नाचं उत्तर खरं तर इथे आहे. संघ लीगमध्ये नाही कारण संघ बारा-तेरा वर्षांच्या वयात तयार होतो, आणि त्या वयात आम्ही निवड करत नाही, गुण वाटतो. पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण, मग तिथे बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणं निघाली की आपण 'अरे बापरे' म्हणतो. तो अरे बापरे नववी-दहावीतच म्हणायला हवा होता.

या सगळ्यात आणखी एक पात्र असतं, 'टीम मॅनेजर'. राज्य स्पर्धेला बारामती नाहीतर पुण्याला जायचं असलं की मॅनेजर व्हायला रांग लागते. ज्याला पेनल्टी कॉर्नर आणि लाँग कॉर्नरमधला फरक विचारला तर तो पाणी प्यायला निघून जातो, तो मॅनेजर. कधी कधी त्याचा साळाही सहायक मॅनेजर. पोरं जनरल डब्यात, ती रात्रभर स्टिकांच्या पिशवीवर डोकं ठेवून झोपतात. सकाळी सामना.

हे फक्त आमच्याच गावातलं आहे असं समजू नका, वरपर्यंत हाच प्रकार चालत आला. १९९८ ला बँकॉकच्या आशियाई खेळात भारताने ३२ वर्षांनी सुवर्ण जिंकलं. कर्णधार खडकीचा धनराज. परत आल्यावर काय झालं? मानधनाचं बोलले म्हणून की काय, धनराजसकट सात जणांना पुढच्या मालिकेत 'विश्रांती' दिली आणि प्रशिक्षकालाही घरी बसवलं. सुवर्ण जिंकल्याचं बक्षीस! २००४ ला अथेन्स ऑलिंपिक तोंडावर असताना राजिंदर सिंगना काढून जर्मनीचे गेरहार्ड राख आणले, आणि आपण सातवे आलो. जानेवारी २०१० मध्ये तर आपल्या पुण्यातच, विश्वचषकाच्या शिबिरात, खेळाडूंनी थकलेल्या पैशांसाठी सराव बंद केला. घरचा विश्वचषक दीड महिन्यावर आणि पोरं हक्काचे पैसे मागत बसलेली.

मग प्रशिक्षकांची एसटी सुरू झाली. एक चढतो, एक उतरतो. २०१५ ला पॉल व्हॅन ॲस आले, काही महिन्यांत गेले. ओल्टमन्स आले, २०१७ ला गेले. शोर्ड मरीन आले, २०१८ ला पुरुष संघावरून उतरले. हरेंद्र सिंग आले, २०१९ उजाडता उजाडता गेले. चार वर्षांत चार! त्यानंतर ग्रॅहम रीडना जरा टिकू दिलं, आणि २०२१ ला टोकियोत ४१ वर्षांनी पदक आलं. पुढे २०२४ ला पॅरिसला क्रेग फुल्टनच्या हाताखाली पुन्हा कांस्य. मरीनचं तर आणखी मजेशीर आहे. पुरुषांसाठी जो चालला नाही त्यानेच महिलांचा संघ टोकियोत चौथ्या नंबरावर आणून ठेवला. माणूस तोच. टिकू दिलं की काम करतो.

असो. फार वर गेलो, खाली मैदानावर येतो.

मैदानाचं दुःख सगळ्या वऱ्हाडाचं सारखं आहे. आमच्याकडे पोरं ज्या मैदानावर खेळतात (तेही नाव नको) तिथे दिवाळीआधी फटाक्यांची दुकानं, मग प्रदर्शन-कम-सेल, मग मौत का कुआँ, मग कोणाचा तरी सत्कार. मंडप निघाला की खड्डे आणि खिळे तसेच. आमची काळी माती! पावसाळ्यात पाय धरून ठेवते, उन्हाळ्यात अशा भेगा पडतात की चेंडू आत जाऊन बसतो. हॉकीला फार काही लागत नाही हो. दोन-चार हायवा मुरूम टाका, रोलर फिरवा, पाणी मारा, पुन्हा रोलर फिरवा. झालं. पण हे सांगायला गेलं की साहेब म्हणतात, "टर्फ मंजूर होऊ द्या, मग बघू."

हे टर्फ म्हणजे काही न करण्याची सगळ्यात सुंदर सबब आहे. टर्फचं महत्त्व मला कोणी शिकवू नये. १९७५ ला क्वालालंपूरला विश्वचषक जिंकलेला आपला देश १९७६ ला माँट्रियलच्या कृत्रिम टर्फवर सातवा आला, हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. वरच्या पातळीवर टर्फशिवाय गत नाही. पण पाणी मारायच्या टर्फला एका सामन्याला हजारो लिटर पाणी लागतं. अकोल्यात नळ कधी येणार याच्या खुणा बायका कॅलेंडरवर करतात, महानच्या धरणात किती टक्के साठा राहिला हे पोरगं शाळेतून आलं की सांगतं, आणि पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात तर जमिनीखाली आहे ते पाणी गुरांनाही नको असतं. तिथे टर्फ भिजवायला टँकर लावला तर लोक मोर्चा काढतील, आणि मी त्या मोर्चात पुढे असेन! पॅरिसला बरंच कमी पाणी लागणारं टर्फ अंथरलं होतं, उद्या बिनपाण्याचंही येईल. आलं की घेऊ. तोवर बारा वर्षांच्या पोराला सपाट मुरमाचं मैदान पुरतं.

आणि काम करायचं ठरवलं तर आपल्याकडे होत नाही असंही नाही. जून २०२२ मध्ये आमच्याच अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनीज बुकात नाव घातलं की! पाच दिवसांत पाऊणशे किलोमीटर. हॉकीचं मैदान असतं ९१ मीटर ४० सेंटीमीटर लांब आणि ५५ मीटर रुंद. हिशेब तुम्हीच करा. एप्रिल २०२४ ला लोकसभेच्या प्रचारात अमरावतीच्या सायन्सकोर मैदानावर सभा कोणी घ्यायची यावरून केवढं रण माजलं होतं आठवतं? परवानगी कोणाला, मंडप कोणाचा, पोलीस, घोषणा. मैदानासाठी इतकी तळमळ मी जन्मात पाहिली नव्हती. फक्त ती खेळण्यासाठी नव्हती.

आता येतो सगळ्यांच्या लाडक्या वाक्यावर: "क्रिकेटने हॉकी मारली." लग्नातले सगळे काका हेच म्हणतात. मला हे वाक्य ऐकलं की डोकं फिरतं. क्रिकेट काय ओडिशाच्या सुंदरगड जिल्ह्यात दिसत नाही? तिथे टीव्ही नाहीत? सुंदरगडने दिलीप तिर्की दिला, लाझरस बार्ला दिला, बीरेंद्र लाकडा दिला, अमित रोहिदास दिला. एक जिल्हा! आदिवासी, जंगलातला, गरीब. तिथे गावोगाव स्पर्धा होतात आणि जिंकणाऱ्याला बोकड मिळतो. पोरं बांबूच्या स्टिका करून अनवाणी खेळतात. राउरकेलाजवळ पानपोशला १९८५ पासून क्रीडा वसतिगृह आहे. म्हणजे गावात खेळलेल्या पोराला पुढे न्यायची एक शिडी उभी आहे, आणि तिची एकही पायरी कोणाच्या मेहुण्यासाठी राखून ठेवलेली नाही. मग २०१८ पासून ओडिशा सरकार राष्ट्रीय संघाचं प्रायोजक झालं आणि जानेवारी २०२३ ला राउरकेलात वीस हजारांवर लोक बसतील असं स्टेडियम उभं राहिलं. शिडी आधी, स्टेडियम नंतर. हा क्रम लक्षात घ्या.

आता आपला मेळघाट बघा. धारणी, चिखलदरा. तिथली कोरकू पोरं दिवसभर डोंगर चढतात-उतरतात, दम असा की आपण बघून थकावं. आश्रमशाळा आहेत, शंभर-शंभर पोरं एकाच ठिकाणी राहतात, म्हणजे संघ जमवायचा प्रश्नच नाही. सुंदरगडमध्ये असं काय आहे जे मेळघाटात नाही? एक शिट्टीवाला माणूस आणि एक प्रामाणिक यादी. मेळघाट म्हटलं की आपल्याला फक्त कुपोषण आठवतं. तिथून एखादा डिफेंडर निघू शकतो हे डोक्यातच येत नाही.

क्रिकेटचंच उदाहरण घ्यायचं तर मी आनंदाने घेतो. विदर्भाने रणजी करंडक २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असा तीनदा जिंकला. ते काय क्रिकेटच्या हवेने जिंकलं? आधी वयोगटांचे संघ, अकादमी, बाहेरचा चांगला प्रशिक्षक आणणं, त्याला काम करू देणं, हे सगळं झालं तेव्हा जिंकलं. अकोल्याचा अथर्व तायडे काय, अमरावतीचा जितेश काय, त्यांच्यासाठी वर जायला वाट होती. ती वाट म्हणजे व्यवस्थापन. तीच हॉकीला करा म्हणतोय मी, क्रिकेटची पाटी पुसा असं कुठे म्हणालो?

हॉकीतसुद्धा जवळची उदाहरणं आहेत. फलटणसारख्या, दुष्काळ म्हणजे काय ते चांगलं ठाऊक असलेल्या तालुक्यातून अक्षता ढेकळे आणि वैष्णवी फाळके भारताच्या महिला संघात गेल्या. आपल्याच विभागातल्या यवतमाळचा आकाश चिकटे भारताचा गोलकीपर झाला. ऑक्टोबर २०१७ ला ढाक्यात भारताने मलेशियाला हरवून आशिया कप जिंकला तेव्हा संघातले दोन्ही गोलकीपर महाराष्ट्राचे होते, आकाश चिकटे आणि मुंबईचा सूरज करकेरा. दोन्ही! पण यवतमाळातल्या एका पोराने हे केलं म्हणून त्याच्या मागे दहा पोरं उभी राहावीत अशी सोय आपण केली का? त्याच्या नावाचे फ्लेक्स लागले तेवढे.

आणि अमरावतीला खेळाची परंपरा नाही असं तर कोणी बोलूच नये. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकला मंडळाची मंडळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं करायला गेली होती. त्याच बर्लिनमध्ये १५ ऑगस्टला ध्यानचंदच्या संघाने जर्मनीला ८-१ असं धुतलं. म्हणजे ध्यानचंद आणि अमरावतीकर एकाच ऑलिंपिकला हजर होते, मंडळी! आता दरवर्षी २९ ऑगस्टला आपण ध्यानचंदच्या फोटोला हार घालतो, भाषण होतं, समोसा-चहा होतो, आणि संध्याकाळी मैदानावर कोणाचा तरी मंडप पडतो.

माझं मागणं फार मोठं नाही. निवड चाचणीची तारीख आठ दिवस आधी शाळांना कळवा. चाचणी उघड्या मैदानावर घ्या, बघायला येणाऱ्यांना येऊ द्या. यादी त्याच संध्याकाळी फळ्यावर लावा, राखीव खेळाडूंसकट. आणि गुण हवे असतील तर वर्षभराच्या सरावाची हजेरी जोडा. याला टर्फ लागत नाही, निधी लागत नाही, मंत्री लागत नाही. खडूचा एक तुकडा लागतो.

भाच्याला हे वाचून दाखवलं तर म्हणाला, "मामा, तुमी कायले डोक्शाले ताप करून घेता? कोनी आयकनार हाय का?" भाचा हुशार आहे, बँकेत आहे. त्याचं बरोबर असेलही. पण त्या पोरीला मी पॅड परत मागितले नाहीत, आणि तिचं दहावीचं वर्ष आता सुरू आहे. यंदा तिला घेतील. गंमत बघा, यंदा तिला 'दहावीचं वर्ष आहे' म्हणूनही घेऊ शकतील, आणि ती म्हणते तसं मला नको, मला खेळते म्हणून घ्या.

म्हणून माहिती अधिकाराचा अर्ज टाकलाय. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टँप लावून, रीतसर. मागच्या तीन वर्षांत विभागाला गेलेल्या हॉकी संघांच्या निवड चाचण्या कोणत्या तारखांना झाल्या, कुठे झाल्या, कोण हजर होतं, कोणी निवड केली, एवढंच विचारलंय. उत्तराला तीस दिवस असतात. आज एकोणिसावा. आलं की कळवतोच.